घोडा, घोडी आणि कोरिदो

आपली मुले इथल्या हायस्कुलात गेली की एखादी परकी भाषा घेतात, आणि बऱ्याच मराठी घरांत ती स्पॅनिश ठरते. फ्रेंच शिकून करायचे काय, स्पॅनिश निदान रोजच्या व्यवहारात तरी उपयोगी पडेल, असा आपला हिशेब असतो. पहिले वर्ष क्रियापदांच्या रूपांत आणि रंगांच्या, फळांच्या नावांत जाते. पुढे कधीतरी, बहुधा पाच मेच्या आसपास, वर्गात एक कोरिदो येतो. कोरिदो म्हणजे मेक्सिकोचे पारंपरिक कथागीत. बाई गाणे लावतात, मुलांना एक कागद मिळतो. त्यातल्या गाळलेल्या जागा भरायच्या, भूतकाळी क्रियापदांखाली रेघा ओढायच्या आणि शेवटी नायक शूर होता की नाही यावर तीन-चार वाक्ये लिहायची. त्या दिवशी कोणी चिप्स आणि साल्साही घेऊन येते. झाली भाषा आणि झाली संस्कृती!

गाण्यातून भाषा शिकवायला माझा मुळीच विरोध नाही. माझी तक्रार वेगळी आहे. कोरिदो हे मुळात एका भांडणातल्या एका पक्षाचे म्हणणे असते. दुसऱ्या पक्षाकडे कोर्ट असते, वर्तमानपत्र असते, पोलीस असतात आणि पुढे इतिहासाचे पुस्तकही असते. या पक्षाकडे असते गिटार. वर्गात आणताना ते भांडणच दाराबाहेर ठेवले, तर आत येते ते फक्त एक जुनाट वळणाचे गाणे, आणि व्याकरण शिकवायला ते गाणे खरे तर फारसे सोयीचेही नाही. भांडणासकट आणले, तर मात्र भाषा आणि संस्कृती ही दोन निरनिराळी प्रकरणे नाहीत हे मुलांना एका तासात कळते. हे मी मोघम म्हणत नाही. एक कोरिदो असा आहे की त्यातला सारा अनर्थ एका नामाच्या लिंगावरून झाला. त्याच्याकडे येतोच, पण आधी या प्रकाराची थोडी ओळख.

कोरिदोचा साचा ठरलेला आहे. आठ-आठ अक्षरांच्या चार ओळींचे कडवे, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचे यमक, आणि एकच चाल शेवटपर्यंत. सुरुवातीला बहुधा साल, तारीख आणि गावाचे नाव येते. मग घटना, नायकाच्या तोंडची वाक्ये, आणि शेवटी निरोपाचे कडवे. या निरोपात पुष्कळदा एखाद्या कबुतराला उडत जाऊन बातमी सांगायला सांगितलेले असते. साल, गाव आणि नावे आधी देऊन टाकायची ही सवय बातमीदाराची आहे, आणि कोरिदो एके काळी बातमीपत्राचे काम करीतच असे. मेक्सिको सिटीत आंतोनियो वानेगास आरोयो हा प्रकाशक रंगीत स्वस्त कागदावर एकपानी गाणी छापून विकत असे, आणि त्यांवरची चित्रे होसे ग्वादालुपे पोसादा (१८५२-१९१३) कोरून देत असे. ज्याला वाचता येत नसे त्याला गाणे ऐकता येई आणि चित्र पाहता येई. १९१० साली क्रांती सुरू झाली, आणि पुढची दहा वर्षे व्हिया, झापाता यांच्या लढाया, फितुऱ्या, खून आणि आगगाड्या यांवर कोरिदोंचा नुसता पाऊस पडला.

मराठी वाचकाला इथे पोवाडा आठवणार, आणि आठवायला हरकतही नाही. तारीख, स्थळ, वीर, सांगणाऱ्याचा निरोप ही सगळी मंडळी आपल्या ओळखीची आहेत. पण तुलना तिथेच आवरती घ्यावी. आपल्या जुन्या पोवाड्यांतले शाहीर बऱ्याचदा कोणा सरदाराच्या आश्रयाने गात, आणि त्यांचा नायक बहुधा राज्य मिळवणारा किंवा राखणारा असे. कोरिदोतला नायक सहसा हरतो. तो पकडला जातो, फासावर जातो, फितुरीने मरतो. दुसरा फरक गाण्याच्या ढंगाचा. आपला शाहीर हावभाव करतो, मध्येच गद्यात शिरतो, साथीदार ‘जी जी’ म्हणून त्याला उचलून धरतात. कोरिदो गाणारा जुना माणूस चेहऱ्यावरची रेषही न हलवता, खड्या आवाजात, सरकारी टपाल वाचून दाखवावे तसा गात जातो. रडायचे की चिडायचे ते ऐकणाऱ्याने ठरवावे.

आता तो घोडा. टेक्सासमधल्या कार्न्स काउंटीत ग्रेगोरियो कोर्तेझ आणि त्याचा भाऊ रोमाल्दो हे खंडाने शेती करीत होते. १२ जून १९०१ रोजी तिथला शेरीफ मॉरिस एका घोडेचोराच्या तपासात त्यांच्या दारी आला. चोराबद्दल माहिती काय, तर तो मध्यम बांध्याचा मेक्सिकन आहे एवढीच. शेरीफला स्पॅनिश येत नव्हते. दुभाषा म्हणून चोट नावाचा डेप्युटी बरोबर होता, आणि त्याचे स्पॅनिश चांगले आहे अशी त्याची ख्याती होती. त्याने विचारले, हल्ली तू एखाद्या घोड्याची अदलाबदल केलीस का? ‘काबायो’ हा शब्द त्याने वापरला, म्हणजे घोडा. कोर्तेझ म्हणाला, नाही. ते खरेच होते. त्याने अदलाबदल केली होती ती ‘येग्वा’ची, म्हणजे घोडीची. इंग्रजीत ‘हॉर्स’ म्हटले की त्यात नर-मादी दोन्ही येतात. घोडे पाळणाऱ्या मेक्सिकन शेतकऱ्याच्या बोलण्यात ते दोन निराळे प्राणी होते. शेरीफला व्यवहाराची माहिती आधीच होती, म्हणून त्याला वाटले, माणूस खोटे बोलतोय. त्याने अटकेचा इरादा सांगितला, रोमाल्दो पुढे धावला, शेरीफने त्याच्यावर गोळी झाडली, मग ग्रेगोरियोवर झाडली ती चुकली, आणि ग्रेगोरियोच्या गोळीने शेरीफ पडला.

आपल्या मुलांना ही गोष्ट सांगताना मराठीचा भलताच उपयोग होतो. एखाद्या गावातल्या माणसाला ‘घोडा विकलास का?’ असे विचारले आणि त्याने घोडी विकली असेल, तर तो ‘नाही’ म्हणेल, किंवा फार तर ‘घोडा नाही, घोडी’ म्हणेल. त्याने ही दुरुस्ती का करावी? समोरच्याला त्याची भाषा येते असे गृहीत धरूनच ना? कोर्तेझने तसेच गृहीत धरले असेल. बोलीतले अर्धे काम गृहीतकांवर चालते. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला नामाचे लिंग ही परीक्षेपुरती कटकट वाटते, कारण चुकले तर अर्धा गुण जातो एवढेच त्याला माहीत असते. इथे चुकले त्याने माणसे मेली.

पुढे कोर्तेझ दहा दिवस पळत होता. आधी पायी, मग घोड्यांवर. त्याच्यामागे शेकडो माणसे आणि टेक्सास रेंजर्स होते. वाटेत गोन्झालेस काउंटीचा शेरीफ ग्लोव्हर चकमकीत मारला गेला, आणखी एक माणूसही गेला. कोर्तेझच्या बायकामुलांना तुरुंगात टाकले गेले, आणि ज्यांचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता अशा मेक्सिकन लोकांवरही सूड उगवला गेला. २२ जूनला लारेडोजवळ, एका माणसाच्या खबरीवरून तो पकडला गेला. मग वर्षानुवर्षे खटले. सान आंतोनियोच्या ‘एल रेखिदोर’ या स्पॅनिश वृत्तपत्राचे संपादक पाब्लो क्रूस यांनी त्याच्या बचावासाठी पैसा उभा केला. मॉरिसच्या खुनाच्या आरोपातून १९०४ साली तो सुटला, पण ग्लोव्हरच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली. १९१३ साली गव्हर्नर कोल्क्विट यांनी त्याला माफी दिली आणि १९१६ साली तो वारला.

हे सगळे आपल्याला इतक्या तपशिलाने माहीत आहे ते आमेरिको पारेदेस (१९१५-१९९९) यांच्यामुळे. सीमेवरच्या ब्राउन्सव्हिलचा हा माणूस. आधी पत्रकार आणि गायक, नंतर ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात प्राध्यापक. कोर्तेझच्या कोरिदोवरचे त्यांचे पुस्तक १९५८ साली टेक्सास विद्यापीठाच्याच प्रकाशन संस्थेने काढले. डॉक्टरेटचा प्रबंध पुस्तक होऊन वाचनीय राहतो असे क्वचितच घडते (या विषयावर मी स्वानुभवाने बोलू शकतो), पण हे पुस्तक आजही एका बैठकीत वाचून होते. पारेदेस यांनी आधी दंतकथा सांगितली, मग कागदपत्रांतून निघणारी हकीकत, मग गाण्याची निरनिराळी रूपे शेजारी शेजारी मांडून त्यांची चिकित्सा केली. रेंजर्सना देवत्व देणाऱ्या टेक्सासच्या इतिहासकारांचा, विशेषतः वॉल्टर प्रेस्कॉट वेब यांचा, त्यांनी शांत, तिरकस भाषेत समाचार घेतला. आणि महत्त्वाचे म्हणजे आपल्या माणसांनाही त्यांनी सोडले नाही. दंतकथा सांगते की आपल्यामुळे निरपराध लोकांचे हाल होताहेत हे ऐकून कोर्तेझ स्वतःहून स्वाधीन झाला. कागदपत्रे सांगतात की तो खबरीवरून पकडला गेला. पारेदेस दोन्ही देतात आणि विचारतात, लोकांना त्याने स्वतः स्वाधीन व्हायला का हवे होते?

हाच प्रश्न वर्गात विचारायचा असतो, आणि गाळलेल्या जागांच्या कागदावर त्याला जागा नसते. माझ्या मते कोरिदो शिकवण्याची एकच धड पद्धत आहे ती ही: त्या वेळच्या इंग्रजी वृत्तपत्रातली बातमी, खटल्यातली हकीकत आणि गाण्याची दोन-तीन रूपे एकत्र ठेवावीत आणि कोण काय सांगतो, काय गाळतो ते मुलांना शोधायला लावावे. गाण्याचे ‘अधिकृत’ रूप कोणते हे आधी सांगूच नये, कारण तसे काही नसतेच. १९२९ साली पेद्रो रोचा आणि लूपे मार्तिनेस यांनी या कोरिदोची तबकडी काढली ती दोन भागांत, कारण त्या वेळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे बसत. आधी रात्रभराच्या बैठकीत सावकाश चालणारे गाणे तबकडीवर बसवताना कापले गेले, नंतरच्या गायकांनी आणखी कापले, आणि शालेय पुस्तकात आले तेव्हा उरली ती चार-सहा कडवी. काय कापले जाते ते पाहावे. पाठलाग राहतो, घोडा राहतो, पिस्तूल राहते. नातेवाइकांचे हाल, फितुरी आणि कोर्ट ही पहिल्यांदा जातात.

१९८२ साली रॉबर्ट यंग यांनी या प्रकरणावर चित्रपट केला. एडवर्ड जेम्स ओल्मोस कोर्तेझ झाला. या चित्रपटातली सर्वांत धीट गोष्ट म्हणजे स्पॅनिश संवादांना उपशीर्षके नाहीत. इंग्रजी प्रेक्षक शेरीफइतकाच बहिरा राहतो. त्याला कळते ते दुभाष्याकडून, आणि दुभाषा चुकतोय हे उशिरा, कोर्तेझ तुरुंगात गेल्यावर उलगडते. २०२२ साली हा चित्रपट लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय चित्रपट यादीत आला ते योग्यच झाले. पण तो वर्गात दाखवताना मुलांना ‘मदत’ म्हणून आधीच घोडा-घोडीचा खुलासा करून दिला, तर दिग्दर्शकाने केलेले सगळे काम पाण्यात जाते. अर्धा तास काही न कळण्याची जी अस्वस्थता आहे तोच धडा आहे. आपल्यापैकी अनेकांना तो वेगळा शिकावा लागलेला नाही. बँकेतल्या खिडकीपाशी आपले इंग्रजी पुन्हा पुन्हा सांगताना तो आपण घेतलेला आहे.

लुईस व्हाल्देझ यांचा १९८७ साली सार्वजनिक दूरदर्शनवर दाखवलेला ‘कोरिदोस’ हा कार्यक्रमही शिक्षकांच्या आवडीचा. त्यात लिंडा रॉनस्टॅट आहे, नाच आहे, रंगीत पोशाख आहेत. बघायला तो देखणा आहे, आणि व्हाल्देझ यांचा अधिकार मोठा. १९६५ साली डेलानोच्या द्राक्षमळ्यांतल्या मजुरांच्या संपात त्यांनी ‘तेआत्रो काम्पेसिनो’ ही नाटकमंडळी उभी केली होती. तरीही मला त्या कार्यक्रमात एक अडचण वाटते. गाणे जे न बोलता सोडते ते सगळे तिथे नट करून दाखवतात. चेहऱ्यावरची रेषही न हलवणारा गायक गेला की ऐकणाऱ्याने करायचे कामही गेले.

आता भाषेचा मुद्दा, कारण शिक्षकांचा दावा भाषेचा असतो. कोरिदोवरून भूतकाळ शिकवावा असे अनेक जण सुचवतात. ही सूचना मला तितकीशी पटत नाही. स्पॅनिशमध्ये दोन साधे भूतकाळ आहेत. एक घडून संपलेल्या गोष्टीसाठी, दुसरा चालू असलेल्या किंवा नेहमीच्या गोष्टीसाठी. मुलांना याच दोहोंत फरक करताना नाकी नऊ येतात. आणि कोरिदोत तर नायक एकदाच काही बोलला तरी ‘दिहो’ न म्हणता ‘देसीआ’ म्हणण्याची पद्धत आहे, म्हणजे ‘म्हणाला’ऐवजी ‘म्हणत होता’. ही जुन्या स्पॅनिश कथागीतांची, रोमान्सेची, वारसाहक्काने आलेली सवय आहे. विसेंते मेंदोसा या मेक्सिकन अभ्यासकाने १९३९ साली रोमान्से आणि कोरिदो यांच्या नात्यावर अख्खे पुस्तक लिहिले. ज्या मुलाचा पहिला भूतकाळ अजून पक्का नाही त्याच्यापुढे हे ठेवणे म्हणजे नवशिक्याला मोरोपंतांच्या आर्येवरून वाक्यरचना शिकवणे होय. ज्याला नियम येतो त्याला मात्र नियम मोडलेला पाहण्यात मजा असते. मग त्याला विचारता येते, कवीने असे का केले? नायकाचे बोलणे अजून कानात घुमत असल्यासारखे का वाटते?

उच्चार शिकवायला कोरिदो खरा उपयोगी, आणि तिकडे लक्ष कमी. मुलांची नेहमीची कुरकुर असते की स्पॅनिश माणसे फार भरभर बोलतात. ती भरभर बोलतात त्याहून ती शब्द एकमेकांत मिसळतात हे जास्त खरे. एका शब्दाच्या शेवटचा स्वर आणि पुढच्याच्या आरंभीचा स्वर यांचे एकच अक्षर होते. कागदावर मोजाल तर ओळीत नऊ-दहा अक्षरे भरतात, गाताना आठच. मुलांना टाळी वाजवत ओळ आठांत बसवायला सांगावी, म्हणजे स्वर कुठे जुळवायचे ते जीभच शोधते. आपल्याकडे ओवी म्हणणाऱ्या बाईला कोणी संधीचे नियम शिकवलेले नसतात, तसेच हे.

आणि शब्द! सीमेवरच्या कोरिदोंत ‘शेरीफ’चा ‘चेरीफे’ होतो, ‘कॅन्सस’चा ‘कियांसिस’ होतो. गुरे हाकत कॅन्ससपर्यंत नेणाऱ्या मेक्सिकन गुराख्यांवरचा कोरिदो पारेदेस यांनी सीमेवरच्या जुन्यातल्या जुन्या कोरिदोंत धरला आहे. रेंजरला शब्द आहे ‘रिंचे’. मूळ इंग्रजी शब्दाचेच ते रूप, पण सीमेवरच्या म्हाताऱ्याच्या तोंडी त्यात तिरस्कार, भीती आणि थट्टा एकत्र असते, आणि पाठलागाला आलेल्या कुठल्याही सशस्त्र गोऱ्याला तो लागू होतो. नीटनेटक्या पाठ्यपुस्तकांना असे शब्द अशुद्ध वाटतात, आणि तळटीप देऊन त्यांच्या जागी शुद्ध शब्द घातला जातो. आपण ‘स्टेशन’ला ‘इस्टेशन’ म्हणणाऱ्या आजोबांचे जे करतो, तेच हे. त्या एका ‘रिंचे’मध्ये १८४८च्या तहानंतर सीमा ओलांडून आलेल्या राज्याचा निम्मा इतिहास आहे. तो पुसून मग इतिहासाचा वेगळा परिच्छेद लिहायचा, याला काय म्हणावे?

या परंपरेचे गुणगानच करायचे असते तर मी इथेच थांबलो असतो. पण ‘लोकांचा आवाज’ म्हटले की ते लोक कोण, हे विचारावे लागते. सीमेवरचे वीरकोरिदो हे पुरुषांचे पुरुषांसाठी गाणे आहे. ‘रोसिता आल्व्हिरेस’ हा अतिशय लोकप्रिय कोरिदो घ्या. आई सांगते, आज रात्री नाचाला जाऊ नकोस. रोसिता जाते. इपोलितो नावाचा तरुण तिला नाचायला बोलावतो, ती नकार देते, तो तिला गोळ्या घालतो. अनेक रूपांत एक विनोदही आहे, की बाईचे नशीब चांगले, तीनपैकी एकच गोळी जीवघेणी ठरली. चाल उडती आहे, कवायतीसारखी. वर्गात मुले ताल धरतात. आणि स्वाध्यायात प्रश्न असतो: ‘रोसिताने आईचे ऐकले असते तर काय झाले असते?’ संकेतार्थाच्या सरावाला हे वाक्य उत्तम आहे, पण त्यात खुनाचा दोष कोणाकडे गेला ते पाहा. मारिया एरेरा-सोबेक यांनी १९९० साली कोरिदोंचा स्त्रीवादी अभ्यास प्रसिद्ध केला. कोरिदोंतल्या स्त्रिया कोणत्या ठरीव साच्यांतून येतात, माता, देवी, प्रेयसी, सैनिक, याची त्यांनी मांडणी केली. शिक्षकांनी निदान ते पुस्तक चाळावे. रोसिताचा कोरिदो वगळावा असे मला म्हणायचे नाही. उलट तो ठेवावा, आणि मुलींना विचारावे की हे गाणे कोणाच्या बाजूने बोलते. त्या सोळा वर्षांच्या मुलींना उत्तर सुचायला वेळ लागणार नाही.

बंदुकीचा विषय निघाला की नार्कोकोरिदो येतोच. अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांची ही गाणी मुलांना शिक्षकांपेक्षा जास्त पाठ असतात, आणि २०२३ पासून पेसो प्लुमासारख्या गायकांमुळे त्यांची नवी आवृत्ती तर जगभर गेली. सिनालोआ राज्याने २०११ साली बारमध्ये असली गाणी वाजवायला बंदी घातली होती. २०२५ साली ग्वादालाहाराजवळच्या एका जलशात एका टोळीप्रमुखाचे चित्र पडद्यावर झळकले, तेव्हा अमेरिकेने त्या वाद्यवृंदाचे व्हिसा रद्द केले. त्याच वर्षी मेक्सिकोच्या सरकारने हिंसेचा गौरव न करणाऱ्या गाण्यांची स्पर्धा जाहीर केली. सरकारने बक्षीस लावून मागवलेली गाणी लोकांच्या ओठी बसतील का, याबद्दल मला शंका आहे. पण वर्गात हा विषय टाळणे हा त्यावर उपाय नव्हे. कोर्तेझ आणि टोळीप्रमुख या दोघांच्याही हातात पिस्तूल आहे, दोघांच्याही मागे पोलीस आहेत, साचा तोच आहे. फरक कुठे आहे? पारेदेस यांचा वीर आपल्या हक्कासाठी पिस्तूल उचलतो आणि त्याला त्यातून काही मिळत नाही. दुसऱ्या गाण्यांत पैसे देऊन आपल्यावर कोरिदो लिहवून घेणारे नायक आहेत. हा फरक मुलांना स्वतः काढता आला, तर भाषेच्या तासाला आणखी काय हवे?

अशा वर्गात दोन प्रकारची मुले शेजारी बसतात हेही ध्यानात घ्यायला हवे. एक आपल्यासारख्या घरांतली, जिला स्पॅनिश नवी. दुसरी मेक्सिकन घरातली, जिला स्पॅनिश ऐकून कळते, पण वाचता-लिहिता येत नाही आणि बोलायची थोडी लाजही वाटते. टेक्सासने १९१८ साली कायदा करून शाळांत इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेत शिकवणे बंद केले होते, आणि पुढे अनेक वर्षे मैदानावर स्पॅनिश बोलले म्हणून मुलांना शिक्षा होत. ती लाज घरात अशी मुरलेली आहे. या मुलाला कोरिदो वर्गात भेटतो तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट घडू शकते. गाण्याचा एखादा अडलेला शब्द बाईंना ठाऊक नसतो, आणि त्याच्या आजीला असतो. ॲरिझोना विद्यापीठाच्या कविता केंद्राने शाळकरी मुलांसाठी द्विभाषिक कोरिदो लिहिण्याची स्पर्धा चालवली. मला ती कल्पना फार आवडते, कारण त्यात घरी जाऊन कोणाला तरी काही विचारावे लागते. गाळलेली जागा भरायला घरी विचारावे लागत नाही.

आणि म्हणून माझ्या मते अभ्यासक्रमाची सुरुवात कोर्तेझपासूनही करू नये. ती ‘ला हाउला दे ओरो’पासून, म्हणजे ‘सोन्याच्या पिंजऱ्या’पासून करावी. सिनालोआतून येऊन कॅलिफोर्नियातल्या सान होसेत स्थायिक झालेल्या ‘लोस तिग्रेस देल नोर्ते’ या वाद्यवृंदाचे हे १९८०च्या दशकातले गाणे. कागदपत्रे नसलेला एक बाप अमेरिकेत पैसे कमावून बसला आहे. घर आहे, मुले आहेत, पण पकडले जाण्याच्या भीतीने बाहेर पडता येत नाही. मुलांनी इंग्रजी उचलली आहे, स्पॅनिश टाकली आहे. गाण्याच्या मध्येच वाद्ये मागे सरतात आणि बाप मुलाला स्पॅनिशमध्ये विचारतो, मेक्सिकोत परत राहायला जायला आवडेल का? मुलगा उत्तर देतो ते इंग्रजीत, आणि नकार देतो.

आपल्यातल्या बहुतेकांच्या खिशात ग्रीन कार्ड आहे किंवा त्याचा अर्ज कुठल्यातरी रांगेत आहे. त्या बापाची भीती आपली नाही, आणि ती आपली आहे असा आव आणणे बरे नव्हे. पण मुलाचे उत्तर आपल्या जेवणाच्या टेबलावर रोज ऐकू येते.

या गाण्याचा स्वाध्याय मी असा देईन. गाणे सगळे बापाच्या तोंडी आहे. मुलाला मिळते ते एकच उत्तर, आणि ऐकणारे सगळे बापाच्या बाजूने हळहळतात. तर आता मुलाच्या बाजूचा कोरिदो लिहा. आठ अक्षरी ओळी, चार ओळींचे कडवे, आधी साल आणि गाव, शेवटी निरोप. भाषा कोणतीही चालेल, पण मेक्सिकोतल्या आजीला तो वाचून दाखवायचा आहे. स्पॅनिशच्या वर्गातल्या मराठी मुलांनी हवे तर आजीचे गाव बदलावे.